साटमांच्या घरचा बंद पडणारा कॉम्प्युटर

दिनानाथ साटम हा वाईट माणूस नाही, असं विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणीही सांगेल. सांगायला काय जातं? वाईट म्हणजे दारू पिऊन जिन्यात पडणारा, बायकोला मारणारा, मेंटेनन्स बुडवणारा, अशी आपली सोपी समजूत असते. साटम यातलं काही करत नाहीत. सकाळी सहाला उठतात, पाण्याची वेळ सांभाळतात, जिन्यातला दिवा कुणी दिवसा चालू ठेवला तर बंद करतात, गणपतीत आरतीची पुस्तकं वाटतात आणि आरती संपली की तेवढीच परत गोळा करतात. पण त्यांना चांगला म्हणायच्या आधी त्या कॉम्प्युटरची हकिकत ऐकून घ्यावी.

साटम मूळचे देवगडकडचे. तेहतीस वर्षं त्यांनी गोरेगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काढली. त्यांच्याकडे बेअरिंग मागायला गेलेला कामगार बेअरिंग घेऊनच येईल याची खात्री नसे. वस्तू वापरली की गेली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तोच कारभार त्यांनी घरी चालवला. फ्रिज घेऊन अकरा वर्षं झाली, दारावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे, फक्त पिवळं पडलंय. टीव्हीचा रिमोट पिशवीत. सोफ्याला पारदर्शक कव्हर, त्यावर उन्हाळ्यात मांड्या चिकटतात. मुलगा सुमेध सहा वर्षांचा असताना मामाने त्याला रिमोटवर चालणारी गाडी आणली होती. साटमांनी ती खोक्यासकट शोकेसमध्ये ठेवली, खराब होईल म्हणून. पोराने ती काचेतून बघितली, मिशा फुटेपर्यंत.

बारावीनंतर सुमेधला ॲनिमेशन शिकायचं होतं. साटमांनी त्याला न विचारता कॉमर्सचा फॉर्म भरला, सहीसुद्धा स्वतःच ठोकली. त्या दिवसापासून सुमेधने बापाशी बोलणं टाकलं. भांडला नाही, घर सोडून गेला नाही. बोलणं तेवढं आईच्या मार्फत सुरू केलं. "आई, त्यांना सांग गॅसवाला आलाय." आणि ते तर तिथेच दोन हातांवर बसलेले. सहा वर्षं हा प्रकार चालला होता. जयवंतीबाईंनी दोन्हीकडचे निरोप पोचवून पोचवून स्वतःचं बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. रिटायर झाल्यावर साटमांना ही गोष्ट जास्त लागली. कारखान्यात निदान कुणी तरी येऊन बेअरिंग मागत असे. आता दिवसभरात त्यांच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. आपल्या मुलाने एकदा आपल्याकडे बघून एक वाक्य बोलावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि ती खरी होती. पुढचं सगळं त्या एका इच्छेपायी झालं.

सुमेध अंधेरीच्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करतो. संध्याकाळी घरी आला की कॉम्प्युटरवर गेम खेळायचा आणि खेळता खेळता मराठीत बडबड करून ते लोकांना लाईव्ह दाखवायचं, हा त्याचा खरा जीव. अडीच-तीनशे लोक बघायचे. जुन्या लॅपटॉपवर ते जमेना, म्हणून त्याने दोन वर्षं पगारातून साठवून गेमिंग कॉम्प्युटर जुळवून घ्यायचं ठरवलं. जुळवणारा होता वसईतल्या माणिकपूरचा रुडॉल्फ मच्याडो.

रुडॉल्फ पस्तिशीचा, अंगाने बारीक, कमी बोलणारा. माणिकपूरच्या चर्चमागच्या गल्लीत त्याचा एक छोटा गाळा होता. पाटी कसली नव्हती, पण स्टेशनपासून कुठल्याही रिक्षावाल्याला "कॉम्प्युटरवाला रुडॉल्फ" म्हटलं की तो आणून सोडायचा. वस्तू दुरुस्त झाली नाही तर सरळ सांगायचा. जुना भाग लावून नवीन म्हणायचा नाही. अशा माणसाचं नाव व्हायला बारा वर्षं लागतात, आणि त्याची ती झाली होती.

हे लोक सगळं जुळवून तयार कॅबिनेट हातात देतात. पण साटमांनी बायकोच्या तोंडून निरोप धाडला की जे काय करायचं ते आपल्या घरी, आपल्या डोळ्यांसमोर. सोनार नाही का, आपल्यासमोर वितळवतो? दुकानात कुणी काय बदलेल सांगता येत नाही. रुडॉल्फ हसला आणि हो म्हणाला. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तो स्कूटरवर सगळी खोकी बांधून मनवेलपाड्याला आला.

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली होती. रुडॉल्फने एकेक खोकं उघडलं, प्रत्येकाचं सील साटमांना दाखवलं, आणि वस्तू ओळीने मांडल्या. मदरबोर्डावर प्रोसेसर बसवला आणि तो बोर्ड कॅबिनेटमध्ये आवळला. मग प्रोसेसर गार ठेवणारा कूलर काढला. मुठीपेक्षा मोठा, वर पंखा, खाली आरशासारखा तांब्याचा तळ. त्या तळावर कंपनीची पारदर्शक फिल्म होती, ती त्याने नखाने सोलून बाजूला ठेवली. हा तळ प्रोसेसरला नीट टेकला तरच आतली उष्णता बाहेर पडते, असंही त्याने साटमांना सांगितलं. साटमांनी मान हलवली. चेहऱ्यावरून समजलं असंच दिसत होतं.

"आता पेस्ट लावायचीय, हात धुऊन येतो," म्हणून रुडॉल्फ बेसिनकडे गेला.

तेवढ्यात जयवंतीबाई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. घरात नवीन वस्तू आली की तिला बोट लागल्याशिवाय पुढे काही होत नाही, मग तो मिक्सर असो की कॉम्प्युटर. सुमेध मोबाईलवर पूजेचा व्हिडिओ काढायला लागला. बाईंनी कॅबिनेटला कुंकू लावलं, खोक्यांना लावलं, आणि बोट कूलरच्या दिशेने निघालं. एवढा चकचकीत तळ, त्यावर कुंकवाचे कण पडणार, चरा उठणार. साटमांनी झटकन कूलर उचलला, बाजूला पडलेली फिल्म घेतली आणि तळावर परत लावली. असल्या कामात त्यांचा हात इतका साफ की बिल्डिंगमधली मुलं मोबाईलचे स्क्रीनगार्ड लावून घ्यायला त्यांच्याकडे येतात. एक बुडबुडा राहिला नाही, एक कडा वर आली नाही. मग त्यांनी कूलर होता तसा ठेवला. रुडॉल्फ आला की सांगू, असं त्यांच्या मनात होतं. जयवंतीबाईंनी ते पाहिलं आणि कुंकू एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला लावून टाकलं.

रुडॉल्फ हात पुसत आला, प्रोसेसरवर, मधे फट राहू नये म्हणून, वाटाण्याएवढी पेस्ट टाकली आणि कूलर उचलला. कॅबिनेटमध्ये अंधार होता.

"बाबा, जरा टॉर्च धरता?" सुमेध म्हणाला.

सहा वर्षांनी. थेट, आईला मध्ये न घेता. साटमांच्या डोक्यात त्या क्षणी फिल्म, तळ, पेस्ट काही उरलं नाही. त्यांनी मोबाईलचा टॉर्च दोन्ही हातांनी धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. रुडॉल्फने चार स्क्रू आवळले. सोललेली फिल्म आपण बाजूला ठेवली आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने तळ उलटा करून पुन्हा बघितला नाही. कुणीही बघितला नसता.

कॉम्प्युटर चालू झाला. रंगीत पंखे फिरले, रुडॉल्फने छातीवर क्रूस काढला, जयवंतीबाईंनी सगळ्यांना शिरा दिला. संध्याकाळी सुमेध गेम खेळायला बसला आणि चौदाव्या मिनिटाला कॉम्प्युटर पटकन बंद झाला. धूर नाही, आवाज नाही, पडद्यावर एक अक्षर नाही. पुन्हा चालू केला, बारा मिनिटांनी पुन्हा बंद. बघणाऱ्या लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली: गेला, गेला, काढा तिरडी.

पुढचे आठ दिवस साटमांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण होतं खरं. ऑफिसातून आल्यावर सुमेध बूटसुद्धा न काढता म्हणायचा, "बाबा, आज फ्रिजच्या सॉकेटवर लावून बघूया." बापलेकांनी फ्रिजच्या सॉकेटवर लावून बघितलं, शेजारच्या हंसाबेनकडून एक्स्टेन्शन बोर्ड आणून बघितलं, मीटर लावून व्होल्टेज मोजलं, रॅम काढून जागा बदलून बसवली, कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावला. टेबलफॅनने चार मिनिटं वाढली. साटमांनी एका वहीत वेळा लिहून ठेवल्या, कारखान्यातल्यासारख्या रेघा मारून. सुमेधने ती वही चाळली आणि म्हणाला, "ही वही भारी कामाची आहे, बाबा." त्या दिवशी साटम एक पोळी जास्त जेवले.

इंटरनेटवरचे सगळे जाणकार सांगत होते की असा अचानक बंद पडतो म्हणजे एसएमपीएस गेलेला. रुडॉल्फ आला आणि दुसरा लावून गेला. तरी तेच. तो पुन्हा आला तेव्हा त्याने गेम सुरू करून पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवणारा आकडा लावला. सगळे बघत उभे राहिले. सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर, आणि बंद.

"हे मी पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं," रुडॉल्फ म्हणाला. "पण कूलर माझ्या हाताने बसवलेला ना, त्याच्यावर डाऊटच आला नाही. काढून बघतो. चार स्क्रू आहेत, पाच मिनिटांचं काम."

कूलर हा शब्द कानावर पडला आणि साटमांना सगळं आठवलं. कुंकवाचं बोट, फिल्म, साफ बसलेल्या कडा. पाच मिनिटांत तो कूलर निघणार, फिल्म दिसणार, ती परत कुणी लावली हे निघणार, आणि सुमेध आपल्याकडे, गाडी शोकेसमध्ये ठेवली तेव्हा बघितलं होतं तसं बघणार. मग पुन्हा "आई, त्यांना सांग."

"उघडायचं नाही," साटम म्हणाले.

"काका, उघडल्याशिवाय कसं समजेल?"

"वस्तू नवीन आहे. वॉरंटी जाईल." मग त्यांना एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली म्हणून त्यांना लाज वाटली नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. ते मुलाकडे वळून म्हणाले, "सुमेध, तो प्रोसेसर नवीन होता ना नक्की? सील मी बघितलं नाही."

सुमेध गोंधळला. "तुमच्यासमोरच फोडलं ना पाकीट?"

"बाकीची फोडली माझ्यासमोर. त्या वेळी मी आत नारळ शोधत होतो."

रुडॉल्फचा चेहरा उतरला. नारळ वगैरे काही नव्हता. पाकीट त्याने साटमांना सील दाखवूनच फोडलं होतं. "काका, तुम्हीच तर..." एवढं म्हणून तो थांबला. मोठ्या माणसाला त्याच्या घरात, त्याच्या मुलासमोर खोटं पाडायची त्याला सवय नव्हती. "पाच मिनिटं द्या, तुमच्यासमोरच उघडतो," तो एवढंच पुन्हा म्हणाला.

"आणि उघडून आतलं बदललंस तर?" साटम म्हणाले.

सुमेधने दार उघडून धरलं. रुडॉल्फ पिशवी उचलून जिना उतरला.

त्याच संध्याकाळी सुमेधने वसई-विरारच्या एका मोठ्या ग्रुपवर सगळं लिहिलं. नाव, गल्ली, गाळ्याचा फोटो. नवीन सांगून जुना प्रोसेसर लावला, विचारलं तर पळून गेला. ऐकायला लोक तयारच असतात. ज्यांचा कीबोर्ड रुडॉल्फने फुकट साफ करून दिला होता त्यांनीही लिहिलं की आपल्याला आधीच संशय होता. माणिकपूरच्या एका क्लासचे वीस कॉम्प्युटर तो बसवणार होता. क्लासवाल्यांनी फोन करून दुसरा माणूस बघितल्याचं कळवलं. दुरुस्तीला आलेले लॅपटॉप लोक उघड्या अवस्थेत परत घेऊन गेले. सुमेध हे सगळं जेवताना वाचून दाखवायचा. साटम ऐकायचे आणि आमटी मागायचे.

पण कॉम्प्युटर बंद तो बंदच. शेवटी सुमेध म्हणाला, "शनिवारी मुंबईला नेतो मोठ्या दुकानात. ते पूर्ण खोलतील."

शुक्रवारी सुमेध ऑफिसला गेला, जयवंतीबाई दुपारच्या झोपल्या, आणि साटमांनी आतून कडी लावली. मोबाईलवर कूलर काढायचा व्हिडिओ त्यांनी तीनदा बघून ठेवला होता. चार स्क्रू काढले, कूलर जरा फिरवून उचलला. फिल्म होती तशीच होती, कडेने जरा वितळून तपकिरी पडलेली. एवढी जळूनही कुठे सुटली नव्हती. त्यांनी ती सोलली, दोन्ही बाजू पुसल्या, रुडॉल्फ विसरून गेलेल्या नळीतली पेस्ट टाकली आणि कूलर बसवला. मग गेम लावून समोर खुर्ची टाकून बसले. तासभर झाला, आकडा पासष्टच्या वर गेला नाही.

इथे त्यांना सगळं मिटवता आलं असतं. स्क्रू ढिला होता, आवळला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. रुडॉल्फचा थोडा दोष राहिला असता, पण चोर ठरलेला माणूस निदान चोर राहिला नसता. फिल्म केराच्या बादलीत भाजीच्या देठांखाली गेली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. साटमांनी ती बादलीपर्यंत नेलीही. तिथे उभं राहून त्यांनी विचार केला. स्क्रू आवळणं म्हणजे काय, कुणीही आवळतो. त्यांनी फिल्म परत आणली आणि एका बशीत ठेवली.

संध्याकाळी सुमेध आला तेव्हा कॉम्प्युटर चालू होता आणि टेबलावर बशी होती.

"ही निघाली आतून," साटम म्हणाले. "तुझ्या त्या एक्स्पर्टने काढलीच नव्हती."

सुमेधने बशीतली फिल्म बघितली, पडद्यावरचा आकडा बघितला, आणि बापाला मिठी मारली. साटमांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी ते मुलाच्या पाठीवर ठेवले, सावकाश, आणि तसेच राहू दिले.

सुमेधने व्हिडिओ केला. साटम चिमट्यात फिल्म धरून उभे, सुमेध सांगतोय की एकसष्ट वर्षांच्या माझ्या बाबांनी दुपारी एकट्याने शोधून काढलं ते बारा वर्षांच्या अनुभवी माणसाला सापडलं नाही. चाळीस हजार लोकांनी बघितला. खाली लोक रुडॉल्फला हसले, ते आधीच्या शिव्यांपेक्षा वाईट होतं. चोराला लोक निदान घाबरतात.

दोन दिवसांनी रुडॉल्फ दारात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. सुमेध घरीच होता. जयवंतीबाईंनी खुर्ची दिली, तो बसला नाही.

"काका, भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "फक्त विचारायचंय. ती फिल्म मी काढली होती असं मला आठवतं. नखाने काढली, बाजूला ठेवली, मग हात धुवायला गेलो. रोज डोळ्यांपुढे येतं. तुम्ही समोरच होता. मी काढली होती ना?"

सुमेध मोबाईलमधून मान वर करून बापाकडे बघत होता, कौतुकाने, काय उत्तर देतात म्हणून. त्या नजरेसाठी साटमांनी सहा वर्षं वाट पाहिली होती.

"काढली असतीस तर परत कशी लागली असती?" साटम म्हणाले. "आपोआप?"

सुमेध हसला. कॉम्प्युटर जुळवला त्या दिवशीच्या व्हिडिओत साटमांनी फिल्म लावली तो क्षण नव्हता. सुमेधने कॅमेरा तेव्हा आईच्या हातातल्या कुयरीवर धरला होता. रुडॉल्फने स्वतःच्या हातांकडे बघितलं, आधी तळवे, मग नखं.

"नाही," तो म्हणाला. "आपोआप कशी लागेल." जयवंतीबाईंनी पुढे केलेलं पाणी तो प्यायला, त्याने भांडं खाली ठेवलं, "सॉरी, काका" म्हणाला आणि गेला. त्याच रात्री त्याने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. चूक माझी होती, फिल्म काढायला मी विसरलो, साटम कुटुंबाची माफी मागतो.

व्हिडिओचं कौतुक चार दिवस टिकलं. त्यानंतर कॉम्प्युटर व्यवस्थित चालू लागला, आणि व्यवस्थित चालणाऱ्या कॉम्प्युटरला टॉर्च धरणारा माणूस लागत नाही. सुमेध ऑफिसातून यायचा, कानांवर हेडफोन चढवायचा, खोलीचं दार लावायचा. साटम दाराबाहेरून विचारायचे, "चालतोय ना रे?" आतून "हो" यायचं, कधी तेही नाही. संध्याकाळी ते हॉलमध्ये बसून कान देऊन ऐकत, आता तरी बंद पडेल म्हणून. एकदा वीज गेली तेव्हा ते वही घेऊन धावत दारापाशी गेले. पूर्ण बिल्डिंगची गेली होती.

जयवंतीबाईंनी चार महिने काही म्हटलं नाही. मग एका सकाळी बाजारातून आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "रुडॉल्फची आई भेटली, रिटाबाई. त्याने गाळा सोडला. जुळवून झालेला कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा खोलून बघायचा म्हणे. काही राहिलं तर नाही ना, म्हणून. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी पुन्हा खोलायचा. आता राजोडीला सासऱ्यांच्या खोल्या आहेत, पर्यटकांच्या, तिथे चादरी बदलतो."

साटम पेपर वाचत राहिले.

"मी बघितलं होतं त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही लावताना."

पेपर खाली आला. "मग बोलली नाहीस ती?"

"पोरगा बोलायला लागला होता तुमच्याशी. मला वाटलं, राहू दे. माझंही पाप आहेच." त्या भाजी निवडायला बसल्या. "आता कुठे बोलतोय तो? तुम्ही जाऊन रुडॉल्फला खरं सांगून या. नाही गेलात तर मी सुमेधला सांगेन."

तेव्हा साटम गेले. पश्चात्ताप झाला म्हणून गेले असं कुणाला वाटत असेल तर त्याने खुशाल वाटून घ्यावं. विरार पश्चिमेला जाऊन त्यांनी राजोडीची रिक्षा धरली. समुद्रापासून थोड्या अंतरावर नारळांच्या मधे चार खोल्या होत्या आणि रुडॉल्फ दोरीवर चादरी वाळत घालत होता. त्याची बायको सँड्रा एका पाहुण्याशी बोलत होती. खोलीतलं इंटरनेट चालत नव्हतं, वायफायचा डबा बंद पडला होता. तिने नवऱ्याला हाक मारली.

"दुसऱ्या कुणाला बोलव," रुडॉल्फ म्हणाला. "मी हात नाही लावत."

मग त्याने साटमांना बघितलं, ओले हात पुसले आणि खुर्ची आणून दिली. साटम बसले. येताना रिक्षात त्यांनी वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते त्यांनी सांगून टाकलं.

"ती फिल्म तू काढली होतीस. मी परत लावली. कुंकू पडेल म्हणून. तुला सांगायचं राहून गेलं."

रुडॉल्फच्या तोंडावर हसू आलं, थकलेलं आणि मायेचं, आजारी माणूस भेटीला आलेल्याकडे बघून हसतो तसं.

"सँड्राने पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही. खरंच सांगतोय."

"ती रोज हेच सांगते, तू काढली असशील म्हणून. आई सांगते, फादर सांगतात. सगळ्यांना वाटतं मला बरं वाटावं. पण काका, मी विसरलो होतो. माझ्या हातून झालं ते. नाहीतर परत लागेल कशी, तुम्हीच म्हणालात ना? बरोबर बोललात तुम्ही. तुम्ही तोंडावर सांगितलंत म्हणून मी वेळेवर थांबलो, नाहीतर उद्या कुणाच्या घरी आग लावली असती मी." त्याने साटमांचा हात हातात घेतला. "एवढं नुकसान केलं मी तुमचं, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला इतक्या लांब आलात."

आता खरं म्हणजे बोलायला हवं होतं. जयवंतीने बघितलंय, तिला फोन लावतो, विचार तिला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. फोन साटमांच्या खिशात होता. त्यांनी समोरच्या चादरींकडे बघितलं, सँड्राने आणलेल्या चहाचा घोट घेतला, आणि त्यांच्या छातीवरचं ओझं कुणीतरी हळूच उचलून नेल्यासारखं त्यांना हलकं वाटलं. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. चहा संपवला, रुडॉल्फच्या खांद्यावर थोपटलं आणि रिक्षा मिळते का बघायला निघाले.

घरी पोचले तेव्हा सुमेधच्या खोलीचं दार बंद होतं आणि जयवंतीबाई वाट बघत बसल्या होत्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. कुंकवासकट."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "काय म्हणाला तो?"

"मोठ्या मनाचा माणूस म्हणाला मला," साटम म्हणाले, आणि हात धुऊन पानावर बसले.